जड बाजू

पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईना.
एम्रिसने पोलादी पट्ट्यांखाली तीनदा पत्र्याचे तुकडे सारले,
चौथ्यांदा सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा.
मग आम्ही चाक उचललं : तो, मी,
आणि शाळा बुडवून आलेला शेजारचा गेथिन.
सत्तर किलो, असं कागदावर.
कागदाला हात नसतात.

मधल्या भोकात कांब घालून चाक पट्ट्यांवर सोडलं.
ते गडगडलं, थांबलं, मागे आलं,
पुन्हा थोडं पुढे,
झोप न लागलेल्या माणसाने कूस बदलावी तसं,
आणि शेवटी जो भाग तळाशी जाऊन निजला
तिथे एम्रिसने खडूने फुली मारली.
"जड बाजू लपत नाही," म्हणाला,
"फक्त धरून ठेवायचं नाही तिला."

इंजिन राजकोटहून आलेलं, लाकडी खोक्यात.
पोटाचं झाकण काढलं तर आत अजून
ओतकामाची वाळू, बारीक, काळपट.
मी चिमूटभर खिडकीत ठेवली, का ते माहीत नाही.
चाकाच्या आतल्या अंगाला
पांढऱ्या रंगात कुणीतरी बोटाने काढलेलं : ७
गेथिनला तो मासे धरायचा गळ वाटला,
मला एडक्याचं शिंग.
दुसऱ्या चाकावर वेगळंच होतं : ४
एम्रिस म्हणाला, ही बुटाच्या नाडीची गाठ.
तिघांनी मान डोलावली. सही असेल.

पण समोरच्या कडेला वजनं टांगून मोजलं तेव्हा
गळवाल्या चाकाला साडेतीन किलो लागले,
गाठवाल्याला दोन किलो नऊशे.
जुळी म्हणून पाठवलेली ही चाकं
एका घरची वाटेनात.
एम्रिस संध्याकाळपर्यंत शिव्या देत होता, वेल्शमध्ये,
कारण इंग्रजीत त्या पुरत नाहीत.
मग जड चाकाला भोकं पाडली,
हलक्याच्या आतल्या कडेला शिसं ओतलं.
थोडं माझ्या बुटावर सांडलं.
ते अजून तिथेच आहे.

पायावरून भांडण झालं.
मला हवे होते खाणीच्या बंद रेल्वेचे ओकचे स्लीपर,
त्याला काँक्रीट, टनभर,
आणि त्यात पुरलेले चार बोल्ट.
खणायला गेलो तर हातभर खाली पाटीचा दगड.
कोरिसमध्ये कुठेही खणा, पाटीच लागते.
डोंगराने वाद मिटवला :
दगडावर काँक्रीट, काँक्रीटवर स्लीपर.
अठ्ठावीस दिवस मी त्याच्यावर ओलं पोतं टाकत राहिले,
आजाऱ्याच्या कपाळावरची पट्टी बदलावी तशी.

शेवटल्या दिवशी एम्रिसने विचारलं,
"लाऊरी, तुझी झोपायची खोली कुठे?"
मी वर बोट दाखवलं.
तो म्हणाला, एका सिलिंडरचं इंजिन
पुरतं तोलात कधीच येत नाही.
पिस्टन वर-खाली जाणार, चाक गोल फिरणार,
दोघांचा हिशेब मिटत नाही.
वर-खालीचा धक्का दाबला तर तो आडवा निघतो.
आपल्या हातात एवढंच,
कुठल्या दिशेने हललेलं चालेल ते ठरवणं.
"आडवं हलू दे," मी म्हणाले.
"आडवी दरीच आहे."

गेथिनने हँडल मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा
धूर, आणि मग ठोका,
ठोक्यामागे ठोका, बेताचा, गावंढळ.
पाण्याच्या टाकीवर एम्रिसने नाणं उभं केलं.
आम्ही मोजत होतो. एकोणीसला ते कलंडलं,
घरंगळत दाराबाहेर गेलं,
गवतात शोधूनही सापडलं नाही.
"बरं आहे," तो म्हणाला.
त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती
मी ऐकलेली नाही.

आता रात्री दिवा असतो.
प्रत्येक ठोक्याला किंचित उजळतो, किंचित मिटतो.
पलंग हलत नाही.
फडताळातला निळा कप मात्र
आडवा सरकत राहतो, रात्रीतून बोटभर,
कडेच्या दिशेने.
सकाळी मी तो मागे ठेवते.